गोळेश्वरचे खाशाबा आणि आपल्या मंडळाची पेटी



स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी दोनदा नाही म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हिशेबाच्या वहीपलीकडे माझी लेखणी कधी चालली नाही. मग त्या म्हणाल्या की एखादी पाककृती तरी द्या. परंतु वालाचे बिरडे आणि नारळाच्या वड्या आपल्यापैकी कोणाला येत नाहीत? म्हणून मी ठरविले की ज्या एका माणसामुळे गेले वर्षभर माझ्या मनाला टोचणी लागली आहे, त्याचीच हकीकत लिहावी. तो माणूस आपल्या समुद्रकाठचा नव्हे, घाटावरचा. धंद्याने पैलवान. बायकांच्या अंकात पैलवानाचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण शेवटपर्यंत वाचावे, एवढीच विनंती.

आधी माझी चूक सांगते, म्हणजे पुढचे नीट कळेल.

मागच्या वर्षीच्या आधी, पावसाळा संपल्यावर जी सभा झाली, तिच्यात वाडीतल्या एका मुलीचा विषय निघाला होता. आपल्यापैकी बहुतेकींना ती ठाऊक आहे, म्हणून नाव लिहीत नाही. कबड्डीत तिची पुढच्या स्पर्धेसाठी निवड झाली होती. स्पर्धा लांब होती. जाण्यायेण्याचे भाडे, पायांत बूट, चारपाच दिवसांचा खर्च असे सगळे मिळून रक्कम मोठी होत होती. तिची आई टोपलीत मासळी घेऊन दारोदार फिरते, तेव्हा घर चालते. मंडळाने काही हातभार लावावा असे दोघीतिघींनी सुचविले. त्या वेळी खजिनदार या नात्याने मी उभी राहिले. मंडळाचा पैसा हळदीकुंकू, सहल आणि आजारपण ह्यांसाठी आहे, एकीला दिला तर उद्या दहा जणी येतील, आणि तिने जाऊन काही जिंकून आणले नाही तर हिशेब कोणी द्यायचा, असे मी बोलले. माझे बोलणे सर्वांना पटले आणि विषय तेथेच मिटला. मुलगी गेली नाही. त्या संक्रांतीला आपण प्रत्येकीला स्टीलचा डबा वाण म्हणून लुटला. माझा डबा अजून फळीवर तसाच आहे.

त्यानंतर आठपंधरा दिवसांनी मी नणंदेकडे गेले. तिला कराडला दिली आहे. १५ जानेवारीला आता आपल्या राज्यात क्रीडा दिन पाळतात, आणि त्या दिवशी भाचीने शाळेत भाषण केले होते. ते तिने मला ओटीवर बसून म्हणून दाखविले. भाषण खाशाबा जाधवांचे होते. मी गहू निवडीत होते. निवडता निवडता माझा हात थांबला. पुढे घरी आल्यावर त्यांच्याविषयी मिळेल ते मी वाचून काढले. तेच आता सांगते.

खाशाबा दादासाहेब जाधव ह्यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात, कराडजवळच्या गोळेश्वर ह्या गावी झाला. म्हणूनच ती तारीख क्रीडा दिनासाठी निवडली आहे. घर शेतकऱ्याचे. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब स्वतः कुस्ती शिकविणारे. त्यांनी ह्या शेंडेफळाला पाचव्या वर्षीच लाल मातीत उतरविले. आपल्याकडे कोळ्यांचे पोर चालायला लागले की पाण्यात पडते. तिकडे ते आखाड्यात पडते, एवढाच काय तो फरक.

पैलवान म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे डोंगराएवढा माणूस येतो. खाशाबा तसे नव्हते. अंगाने लहान, वजनाला हलके. एखाद्या शिडशिडीत खलाशासारखे. पण चपळाई अशी की समोरच्याला हात कोठून आला ते कळू नये. ढाक हा त्यांचा आवडता डाव. त्यात प्रतिस्पर्ध्याची मान काखेत धरून त्याला उचलून फेकावयाचे असते. वजन नसले तरी डाव आणि दम ह्यांवर कुस्ती मारता येते, हे त्यांनी लहानपणीच दाखवून दिले.

त्यांचे शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात झाले. तो काळ बेचाळीसच्या चळवळीचा. सातारा जिल्हा तर त्या चळवळीचे माहेरघरच. भूमिगत लोकांना आसरा देणे, त्यांची पत्रके इकडून तिकडे पोचविणे, ही कामे शाळकरी खाशाबांनी केली. पुढे ते कोल्हापूरला राजाराम कॉलेजात गेले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. शाहू महाराजांनी तेथे आखाडे आणि मोठे मैदान बांधून पैलवानांना पोटाला दिले, त्याची पुण्याई पुढे कित्येक वर्षे टिकली. तेथे बाबुराव बलावडे व बेलापुरी गुरुजी ह्यांच्या हाताखाली खाशाबांची कुस्ती पक्की झाली.

सन १९४८ मध्ये लंडनला ऑलिंपिकचे सामने भरले. देश स्वतंत्र होऊन एक वर्षही पुरते झाले नव्हते. ऑलिंपिक म्हणजे चार वर्षांनी एकदा भरणारी साऱ्या जगाची जत्रा. तेथे पहिल्या तिघांनाच पदक मिळते. खाशाबांची निवड झाली, पण निवड होणे निराळे आणि पोचणे निराळे. त्या वेळी कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलला, म्हणून ते जाऊ शकले.

तेथे गेल्यावर मोठीच अडचण आली. आपली कुस्ती मातीतली. आपल्या आखाड्याची माती तेल, ताक, हळद घालून मऊ केलेली असते. तीत पाय रोवता येतो, अंगाला माती लावून पकड घट्ट करता येते. पाठ टेकली की कुस्ती चितपट आणि हारजीत सर्वांना उघड दिसते. परदेशात कुस्ती गादीवर. पाय रुतत नाही, अंग घामाने निसटते, आणि पंच प्रत्येक डावाला गुण देतात. चितपट झाली नाही तरी गुणांवर हार होते. खाशाबांना ह्या गादीची सवयच नव्हती. आपल्यापैकी एखादीला जन्मभर चुलीवर भाकरी केल्यावर एकदम परक्या घरच्या शेगडीवर पन्नास माणसांचा स्वयंपाक करायला लावावा, तसेच ते झाले. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन शिक्षकाने त्यांना तेथल्या पद्धतीची तयारी करून दिली. तेवढ्या शिदोरीवर ते ५२ किलो वजनाच्या गटात उतरले. ऑस्ट्रेलियाच्या व अमेरिकेच्या पैलवानांना त्यांनी हरविले, इराणच्या मन्सूर रईसीपुढे मात्र त्यांचे चालले नाही. त्यांचा नंबर जगात सहावा आला.

भगिनींनो, ह्या सहाव्या नंबराशी मी जरा थांबते. सहाव्या नंबराला पदक नाही. गळ्यात घालायला काही नाही, कपाटात ठेवायला काही नाही. महाराजांच्या दरबारी माझ्यासारखी खजिनदार असती, तर तिने वहीत काय लिहिले असते? लंडनचा खर्च इतका, जमा काही नाही. पण खाशाबा जे घेऊन आले होते, ते वहीत मांडता येणारे नव्हते. गादी कशी असते, गुण कसे मिळतात, जगातले पैलवान कोणत्या डावाने येतात, हे ते पाहून आले होते. पुढची चार वर्षे त्यांनी त्याच अनुभवावर मेहनत केली, आणि ह्या खेपेस ते वजनाच्या वरच्या गटात, म्हणजे ५७ किलोच्या गटात उतरले.

सन १९५२ चे सामने फिनलंड देशात हेलसिंकी ह्या शहरी होते. ह्या वेळी तर निवडीपासूनच अडथळा आला. मद्रासला झालेल्या सामन्यात एक गुण कमी देऊन आपल्याला मागे ठेवले, असे खाशाबांचे म्हणणे पडले. ते गप्प बसले नाहीत. त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज स्वतः खेळांचे मोठे शौकीन. त्यांनी पुन्हा कुस्ती लावून दिली. निरंजन दास हा प्रतिस्पर्धी. खाशाबांनी त्याला चीत केले आणि गुणांचा प्रश्नच उरू दिला नाही.

आता पैशांचा प्रश्न. सरकारकडून पुरेशी मदत वेळेवर होईना. जायचा दिवस जवळ येऊ लागला. तेव्हा हा पैलवानगडी, ज्याच्या मनगटात चारचौघांना लोळवायची ताकद, तो लोकांच्या दारी पैसे मागत फिरू लागला. गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी आपल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी काढली. कराडच्या दुकानदारांनी दिले. तरी भागेना. मग राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले राहते घर गहाण ठेवले आणि ७००० रुपये उभे करून विद्यार्थ्याच्या हाती दिले.

सात हजार म्हणजे किती, हे आपल्याला कळावे म्हणून सांगते. त्या वर्षी सोन्याचा भाव तोळ्याला शंभर रुपयांच्या आत होता. म्हणजे सत्तर तोळ्यांहून अधिक सोने झाले. तेवढी रक्कम एका शिक्षकाने, आपल्या रक्ताच्या नात्याचा नसलेल्या मुलासाठी, घर गहाण टाकून उभी केली. तो मुलगा जिंकेल अशी हमी कोणी दिली होती? मागच्या खेपेला तो सहावा आलेला. हरून आला असता तर खर्डेकरांच्या घरच्या मंडळींना काय वाटले असते, हा विचार माझ्या बायकी मनात आल्याशिवाय राहत नाही. त्या घरातल्या बाईने गहाणखताच्या दिवशी स्वयंपाक कसा केला असेल कोण जाणे. पण घर गहाण पडले आणि खाशाबा गेले, एवढे खरे.

हेलसिंकीला त्यांनी कॅनडाच्या पोलिक्वीनला हरविले. मेक्सिकोच्या बासुर्तोला पाचसव्वापाच मिनिटांत लोळविले. जर्मनीच्या श्मिट्झलाही हरविले. लंडनला ज्याला गादी परकी होती, तोच आता गादीवर घरच्यासारखा वावरत होता. मग गाठ पडली जपानच्या शोहाची इशी ह्याच्याशी. ही कुस्ती फार वेळ, पंधरा मिनिटांच्या वर चालली. दोघेही तुल्यबळ. अखेर एका गुणाने इशी जिंकला. ह्याच इशीने पुढे सुवर्णपदक पटकावले, आणि त्या वर्षी साऱ्या जपान देशाला मिळालेले ते एकच सुवर्ण. म्हणजे खाशाबा हरले तेही कोणापुढे हरले, हे लक्षात घ्यावे.

ह्यानंतर जे झाले, ते वाचून मला फार वाईट वाटले. दमून भागून गादीवरून उतरलेल्या खाशाबांना लगेच पुढच्या कुस्तीसाठी पुकारले. समोर सोव्हिएत संघाचा रशीद मामदबेयोव ताजातवाना. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विसावा द्यावा असा नियम होता. पण तो नियम बोलून दाखवायला आपल्या बाजूचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. खाशाबांना परक्या भाषेत कोणाशी भांडता येणार? ते तसेच उतरले आणि हरले. मामदबेयोव दुसरा आला, खाशाबा तिसरे. दिवस होता २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताच्या एका माणसाने एकट्याच्या बळावर मिळविलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. हॉकीची पदके आपल्याला मिळत होती. त्याही वर्षी दुसऱ्याच दिवशी हॉकीचे सुवर्ण मिळाले. पण हॉकीत अकरा जण असतात. गादीवर माणूस एकटा असतो.

एकटा म्हटले खरे, पण तो एकटा कोठे होता? त्याच्या पाठीशी गोळेश्वरची वर्गणी होती, कराडच्या दुकानांतले गल्ले होते आणि कोल्हापूरचे एक गहाण पडलेले घर होते. नव्हता तो फक्त ऐन वेळी शेजारी उभा राहून दोन शब्द बोलणारा माणूस. पैसे देऊन सारे होत नाही, सोबतही जावे लागते, हे मी ह्यावरून शिकले.

खाशाबा परत आले तेव्हा कराड स्टेशनावर माणसांचा समुद्र लोटला होता. सुमारे दीडशे बैलगाड्या जुंपून गावकऱ्यांनी त्यांची मिरवणूक काढली. एरवी पाव तासात कापावयाची वाट, पण त्या दिवशी गोळेश्वरला पोचायला सात तास लागले. ज्यांनी चार चार आणे दिले होते, त्यांना आपले चार आणे गाडीतून वाजत गाजत येताना दिसले. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला सजविलेल्या होड्या निघतात, त्या वेळी किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला होडी आपलीच वाटते, तसे ते झाले असेल.

मिरवणुकीनंतर माणूस आपल्या कौतुकात रमला असता तर कोणी नावे ठेवली नसती. खाशाबांनी काय केले? त्यांनी कुस्त्यांची मैदाने धरली. त्यांत कुस्त्या करून, जिंकलेल्या पैशांतून, प्राचार्य खर्डेकरांचे कर्ज फेडले आणि गहाण पडलेले घर सोडविले. मला विचाराल तर पदकापेक्षाही ही गोष्ट मी मोठी मानते. पदक जगात तिसरे होते, पण हे कर्ज फेडणे पहिल्या नंबराचे.

पुढची हकीकत तितकी गोड नाही, पण सांगितली पाहिजे. सन १९५५ मध्ये खाशाबा मुंबईच्या पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. सन १९५६ च्या मेलबर्नच्या ऑलिंपिकला जायची त्यांची तयारी होती, परंतु गुडघा दुखावला आणि ती संधी गेली. पोलीस खात्यात त्यांनी सत्तावीस वर्षे इमाने इतबारे नोकरी केली, खात्यातल्या तरुणांना खेळ शिकविले. पण ऑलिंपिकचे पदक आणणारा माणूस म्हणून जे मानपान व्हावे, ते झाले नाहीत. बढतीसाठीही त्यांना फार वर्षे थांबावे लागले आणि नोकरीच्या शेवटी शेवटी ते सहायक पोलीस आयुक्त झाले. निवृत्तीनंतर पेन्शनसाठी खेटे घालावे लागले. सन १९८२ मध्ये दिल्लीला आशियाई सामने भरले, तेव्हा मशाल घेऊन धावणाऱ्यांत त्यांना घेतले, हा मान त्यांच्या हयातीत झाला. दिनांक १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा अंत झाला. वय अवघे अठ्ठावन्न. दुसऱ्या दिवशी देशभर झेंडे लागायचे होते.

त्यांच्या मागे सारे काही आले. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार आला, देशाचा अर्जुन पुरस्कार आला. दिल्लीत सन २०१० च्या राष्ट्रकुल सामन्यांच्या वेळी कुस्तीच्या मोठ्या स्टेडियमला त्यांचे नाव दिले. त्यांच्या पदकानंतर असे एकट्याचे दुसरे पदक देशाला मिळायला चव्वेचाळीस वर्षे लागली. ते सन १९९६ मध्ये टेनिसच्या लिअँडर पेसने आणले. आपल्या महाराष्ट्राला तर बहात्तर वर्षे वाट पाहावी लागली. सन २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत पदक मिळविले, तेव्हा कोठे खाशाबांना आपल्या राज्यात जोडीदार मिळाला. आणि कुस्तीत मुलींनी तरी काय मागे राहावे? सन २०१६ मध्ये हरियाणाच्या साक्षी मलिकने कुस्तीचे पदक आणले. पैलवानकी पुरुषांचीच, असे आता म्हणायची सोय उरली नाही.

आता पुन्हा आपल्या वाडीकडे येते.

भाचीचे भाषण ऐकताना मला माझे स्वतःचे एक जुने दुखणे आठवले, जे मी आजपर्यंत कोणाला सांगितले नव्हते. सातवीत असताना मी चांगली धावत असे. पुळणीवर अनवाणी धावून पाय घट्ट झाले होते. शाळेतून मला तालुक्याला नेले, तेथून जिल्ह्यासाठी निवडले. भाडे आणि जेवणाचे म्हणून थोडे पैसे भरावयाचे होते. त्या महिन्यात बाबांचा हात मोकळा नव्हता. शेजारी मागावे तर आईला लाज वाटली. मी गेले नाही. त्याच वर्षी शाळाही सुटली. मी जिंकले असते असे मी म्हणत नाही. बहुधा सहावीसातवी आले असते. पण जाऊन हरणे आणि न जाता घरी राहणे, ह्यांत किती अंतर आहे ते मला चांगले ठाऊक होते. असे असून त्या सभेत मी उभी राहिले आणि दुसऱ्या मुलीची वाट अडविली. जिचा पाय स्वतः काट्यावर पडला आहे, तिनेच काटा वाटेवर ठेवला. ह्याला काय म्हणावे?

कराडहून आल्यावर मी त्या मुलीच्या घरी गेले. ती आईबरोबर पडवीत बसून सुकी मासळी निवडीत होती. तिने मला बसायला पाट दिला, चहा केला. मी झाले ते सांगितले. मला वाटले, पोरगी दोन शब्द लावील. तिने काही बोल लावला नाही. पुढच्या वर्षी निवड झाली तर पाहू, एवढेच ती म्हणाली आणि पुन्हा मासळीकडे वळली. ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागले.

म्हणून ह्या अंकाच्या निमित्ताने मी मंडळापुढे एक सूचना ठेविते. येत्या वार्षिक सभेत ती मांडणार आहेच, पण आधी घरी बसून सर्वांनी विचार करावा म्हणून येथे लिहिते. आपण एक निराळी पेटी ठेवावी. हळदीकुंकवाच्या वाणाचा खर्च निम्मा करून उरलेले त्या पेटीत टाकावे. डबे, वाट्या, पिशव्या आपल्या सर्वांच्या घरी पुष्कळ झाल्या आहेत. वाडीतली कोणतीही मुलगी, कोणत्याही जातीची, कोणत्याही घरची, खेळासाठी निवडली गेली तर तिच्या भाड्याचे व बुटांचे पैसे त्यातून द्यावेत. ती जिंकून येईल की हरून, हे विचारू नये. लंडनचा सहावा नंबर फुकट गेला असे कोणी धरले असते, तर हेलसिंकीचा तिसरा आलाच नसता.

दुसरे असे की प्रत्येक वेळी मंडळातल्या एकीने मुलीबरोबर जावे. परक्या ठिकाणी तिच्या वतीने बोलायला कोणीतरी असावे. खेळाचे नियम आपल्याला येत नाहीत, ही सबब नको. ते शिकता येतात. पोरीला विसावा मिळाला की नाही, पाणी मिळाले की नाही, हे पाहायला फार शिक्षण लागत नाही.

तिसरे, फेड. पैसे परत घेऊ नयेत असे काहीजणी म्हणतील. पण फुकट घेतल्याची लाज मुलीच्या मनात राहू नये, असे मला वाटते. खाशाबांनी कुस्त्या करून फेडले. आपल्या मुलीने परत आल्यावर वर्षभर, रविवारी सकाळी, वाडीतल्या लहान पोरींना पुळणीवर खेळ शिकवावा. म्हणजे फेडही होईल आणि पुढची तयारही होईल. हिशेबाची काळजी कोणी करू नये. तो मी पै न पै लिहीन, आणि सहाव्या नंबराचा खर्चही जमेच्या बाजूला कसा मांडायचा ते आता मला कळले आहे.

पेटीत पहिले ५०१ रुपये माझे. ते माझ्या भिशीतले आहेत, घरखर्चातले नव्हेत. आमच्या ह्यांना विचारले आहे आणि त्यांनी त्यांत आपले शंभर घातले आहेत.

माझ्या लिहिण्यात चुका असतील त्या पोटात घालाव्यात. आपले मंडळ असेच वाढत राहो, आणि पुढच्या स्मरणिकेत वाडीतल्या एखाद्या मुलीची हकीकत तिच्याच हातून लिहिलेली वाचायला मिळो, अशी कुलस्वामिनीच्या चरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करते.